स्क्रीन हिरवी, वायर तुटलेली

सेन्सर जोडला, टचस्क्रीनवर आकडा उमटला, म्हणजे प्रोजेक्ट झाला? बोईसर-तारापूरच्या पोरांनी तरी एवढ्यावर थांबू नये. का, ते वाचा!

प्रोजेक्ट प्रदर्शनाचा दिवस. तुमच्या टेबलावर छोटीशी रंगीत टचस्क्रीन. वर लिहिलंय 'हवा', खाली हिरव्या चौकोनात 'उत्तम'. शेजारी तापमान, ३१.४. येणारे-जाणारे थांबतात, बोट लावून बघतात, 'भारी केलंय रे' म्हणतात. तेवढ्यात कुणाची तरी सॅक ब्रेडबोर्डला घासते आणि गॅस सेन्सरची वायर निघून येते.

आता स्क्रीनवर काय होतं?

काहीच होत नाही. चौकोन हिरवाच राहतो. 'उत्तम' हा शब्दही तसाच. उलट मगाशी थोडा वर-खाली होणारा आकडा आता अगदी शांत झालेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, काय स्थिर रीडिंग आहे!

कोडमध्ये चूक नसते. तुम्हीच त्याला सांगितलेलं असतं, की आकडा कमी असेल तर हवा चांगली. वायर निघाली, पिनवर शून्य व्होल्ट आले, कोडने शून्य वाचलं आणि शून्य म्हणजे सगळ्यात स्वच्छ हवा असा अर्थ लावला. वायर तुटणं आणि हवा शुद्ध असणं, या दोन्हीला तुमच्या यंत्राकडे एकच उत्तर आहे.

असले प्रोजेक्ट सगळीकडेच होतात. पण पालघर-बोईसरच्या पट्ट्यात हा प्रश्न व्हायवापुरता राहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मूल्यांकन केलं. त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिलं आलं. या परीक्षेत गुण जितके जास्त तितकं प्रदूषण जास्त, आणि सत्तरच्या वर गेलं की 'अतिप्रदूषित'. तारापूर एमआयडीसीत मार्च २०१८ मध्ये आणि बोईसरजवळ जानेवारी २०२० मध्ये रासायनिक कारखान्यांत झालेले जीवघेणे स्फोट इथल्या लोकांच्या लक्षात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कंपनीत वायुगळती होऊन चार कामगार गेले. हे अपघात सेन्सरमुळे झाले असं अजिबात म्हणायचं नाही. पण ज्या गावात रात्री उग्र वास आला की लोक खिडक्या लावून घेतात, तिथे 'हवा उत्तम' ही पाटी लावताना हात थोडा थबकायला हवा.

म्हणून आज सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि टचस्क्रीन नीट जोडायचं कसं ते बघू. आणि त्याहून महत्त्वाचं, त्या स्क्रीनला खरं बोलायला कसं लावायचं तेही.

आधी सामान

डहाणू लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडला जायचं, किंवा घरबसल्या ऑनलाइन मागवायचं. लागतं एवढंच: ईएसपी-३२ बोर्ड, एमक्यू-१३५ गॅस सेन्सर, डीएचटी-२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि २.८ इंची टीएफटी टचस्क्रीन. ही स्क्रीन घेताना आयएलआय-९३४१ हा डिस्प्लेचा चालक आणि एक्सपीटी-२०४६ ही टचची चिप आहे ना, ते विचारून घ्या. या जोडीसाठी तयार लायब्ररी भरपूर आहेत.

अर्डुइनो उनो का नाही? जरा हिशोब करा. स्क्रीन ३२० बाय २४०, म्हणजे ७६,८०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला दोन बाइट. एक पूर्ण चित्र झालं १,५३,६०० बाइटचं. उनोची रॅम आहे २ किलोबाइट! उनोवर स्क्रीन चालत नाही असं नाही. थोडं थोडं रंगवत नेता येतं. पण ईएसपी-३२ कडे ५२० किलोबाइट रॅम आहे, वाय-फाय आहे आणि वेगही आहे. शिवाय या स्क्रीनला सिग्नल ३.३ व्होल्टचे लागतात. ईएसपी-३२ तेवढेच देतो, उनो देतो ५ व्होल्टचे.

पाच आणि तीन पॉइंट तीन

बोर्ड जळतात ते बहुतेक इथेच. ईएसपी-३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एमक्यू-१३५ मात्र ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या ॲनालॉग पिनवर ५ व्होल्टपर्यंत काहीही येऊ शकतं. ती वायर थेट बोर्डात खुपसली तर त्या दिवशी चालेलही, पण पिनचं आयुष्य संपवलंत म्हणून समजा.

उपाय दोन रेझिस्टरचा. सेन्सरकडून १० किलोओहमचा, तिथून ग्राउंडला २० किलोओहमचा आणि दोघांच्या मधून वायर बोर्डाला. ५ व्होल्टचे साधारण ३.३ होतात. अकरावीत शिकलेला व्होल्टेज डिव्हायडर इथे कामाला येतो.

पिन कुठली निवडायची, हाही प्रश्न आहे. ईएसपी-३२ मध्ये ॲनालॉग वाचणारे दोन गट आहेत. वाय-फाय सुरू केलं की दुसऱ्या गटाच्या पिना वाचायला मिळत नाहीत. 'कालपर्यंत चालत होतं, वाय-फायचा कोड टाकला आणि सेन्सर मेला' ही रड त्यातलीच. ३२ ते ३९ या क्रमांकांतली पिन घ्या, उदाहरणार्थ ३४. प्रश्नच मिटतो.

चौदा वायरी आणि हजेरी

स्क्रीनच्या मागे चौदा पिना बघून घाम फुटतो. पण त्यातल्या बऱ्याच जोडीजोडीने आहेत. डिस्प्ले आणि टच हे एकाच पाटीवर बसवलेले दोन वेगळे विद्यार्थी आहेत असं समजा. दोघांशी बोलायची भाषा एकच, एसपीआय. त्यामुळे क्लॉकची वायर दोघांना एकच, बोर्डाकडून जाणारी माहितीची वायरही एकच. ईएसपी-३२ वर सहसा क्लॉक १८, जाणारी माहिती २३ आणि येणारी माहिती १९ नंबरच्या पिनवर असते.

मग बोर्ड कुणाशी बोलतोय हे कळतं कसं? हजेरीसारखं. वर्गात आवाज सगळ्यांना ऐकू जातो, पण ज्याचा रोल नंबर पुकारला तोच 'येस सर' म्हणतो. चिप सिलेक्ट ही पिन म्हणजे तो रोल नंबर. डिस्प्लेची वेगळी, टचची वेगळी. ज्याची पिन खाली ओढली, त्यानेच बोलायचं.

गंमत अशी की या स्वस्त मॉड्यूलमधला डिस्प्ले बरेचदा शिस्त पाळत नाही. त्याचा नंबर पुकारला नसला तरी तो परत येणाऱ्या वायरवर बडबडत राहतो आणि टचचं उत्तर बिघडतं. म्हणून एसडीओ ही डिस्प्लेची पिन सरळ मोकळी सोडा. आपल्याला डिस्प्लेवर लिहायचं असतं, त्याच्याकडून वाचायचं काही नसतं. येणाऱ्या माहितीची वायर फक्त टचला द्या. 'चित्र येतंय पण टच वेड्यासारखं वागतंय' असं झालं तर आधी ही वायर तपासा, मग कोड.

स्क्रीन अधूनमधून पांढरी का होते?

कारण उपाशी आहे. एमक्यू-१३५ च्या पोटात एक छोटा हीटर असतो. तो साधारण १५० मिलिॲम्पिअर खातो. वर स्क्रीनचा बॅकलाइट. वर ईएसपी-३२ चं वाय-फाय, जे क्षणभर कित्येक पट जास्त ओढतं. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टकडून ५०० मिलिॲम्पिअर धरायचे. घरात मिक्सर लावला की दिवे मंद व्हावेत तसं व्होल्टेज खाली येतं आणि बोर्ड स्वतःच रीस्टार्ट होतो. सिरीयल मॉनिटरवर 'ब्राउनआउट' हा शब्द दिसला तर कोडमध्ये डोकं घालू नका. २ ॲम्पिअरचा ५ व्होल्ट चार्जर लावा, हीटरला वीज थेट त्याच्याकडून द्या आणि सगळ्यांचे ग्राउंड एकत्र जोडा. ग्राउंड जोडायचं राहिलं तर रीडिंग भरकटतं.

सेन्सरला नक्की काय कळतं?

आता खरी गोष्ट. एमक्यू-१३५ ला अमोनिया कळतो, बेंझिनची वाफ कळते, अल्कोहोल कळतं, धूर कळतो. पण यातलं कोणतं आलंय ते त्याला वेगळं सांगता येत नाही. त्याच्यासमोर डिओ मारा किंवा उदबत्ती लावा, आकडा चढेल. त्याची डेटाशीट सांगते की पहिल्या वापराआधी त्याला चोवीस तासांहून जास्त तापवून घ्या. प्रदर्शनाच्या सकाळी पाकिटातून काढून लावलेला सेन्सर दिवसभर सरकतच राहणार. त्याची चाचणी झाली ती २० अंश तापमानाला आणि ६५ टक्के आर्द्रतेला. आपल्याकडे जुलैत किनारपट्टीला आर्द्रता किती असते, हे वेगळं सांगायला नको. कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे सेन्सरला काय दोष द्यायचा? म्हणूनच शेजारी डीएचटी-२२ लावायचा. निदान आर्द्रता किती होती ते नोंदलं जातं.

म्हणून या सेन्सरच्या आकड्याला 'एक्यूआय' म्हणू नका. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे. त्यातल्या निदान तिघांची माहिती हवी, त्या तिघांत सूक्ष्म धूलिकण हवेतच, आणि बहुतेक प्रदूषकांची सरासरी चोवीस तासांची धरतात. तीनशे रुपयांच्या आतल्या गॅस सेन्सरला यातलं काहीच जमत नाही. मग स्क्रीनवर काय लिहायचं? जे खरं आहे ते. 'नेहमीच्या पातळीपेक्षा बदल: ४० टक्के जास्त.' आठवडाभर एकाच जागी ठेवून आधी नेहमीची पातळी काढा. तुमच्या गल्लीत रात्री अकराला आकडा चढतो की पहाटे, एवढं जरी महिनाभर नोंदवलंत तरी तो खरा डेटा होईल. आणि कुणालाही 'उत्तम' असं खोटं सर्टिफिकेट द्यावं लागणार नाही.

शून्याची जागा

आता वायर तुटण्याकडे परत येऊ. एमआयडीसीतल्या कारखान्यांसमोरही हाच प्रश्न होता. टाकीवरचा प्रेशर सेन्सर दोनशे मीटर लांब, मध्ये ऊन, पाऊस, ॲसिडची वाफ, उंदीर. वायर कधीतरी तुटणारच. मग कंट्रोल रूमला कळणार कसं की प्रेशर शून्य आहे की वायर गेली?

यावरचा जुना आणि झकास उपाय म्हणजे '४ ते २० मिलिॲम्पिअर'. सेन्सर आपलं रीडिंग विद्युतप्रवाहात पाठवतो. रीडिंग शून्य असेल तर प्रवाह शून्य नाही, ४ मिलिॲम्पिअर. पूर्ण भरलं तर २०. म्हणजे खरोखरचा शून्य प्रवाह आला, तर अर्थ एकच: वायर तुटली किंवा सेन्सर बंद पडला. इन्स्ट्रुमेंटेशनवाले याला 'लाइव्ह झिरो' म्हणतात. जिवंत शून्य. तुमच्यापैकी कुणी आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा एओसीपी करत असेल तर त्याला विचारा, तो झोपेतही सांगेल.

तुमच्या टेबलावरच्या प्रोजेक्टलाही हेच शिकवता येतं. एमक्यू-१३५ नीट तापलेला असेल तर साध्या हवेतही थोडंफार व्होल्टेज देतो. दोन-चार दिवसांत त्याचं सगळ्यात कमी रीडिंग किती, ते लिहून ठेवा. त्याच्याही बरंच खाली आकडा गेला तर 'हवा उत्तम' नाही, 'सेन्सर तपासा' असं दाखवा. ईएसपी-३२ चं ॲनालॉग रीडिंग ० ते ४०९५ असतं. वरच्या टोकाला चिकटून बसलं, तरी तेच. हीटर जळला तरी आकडा सहसा खालीच जातो, म्हणजे तो बिघाडही बहुतेक वेळा याच जाळ्यात सापडतो.

डीएचटी-२२ ची तऱ्हा निराळी. तो दर दोन सेकंदांनी एकदाच वाचायचा असतो. वाचन फसलं तर लायब्ररी आकड्याऐवजी 'नॅन' देते, म्हणजे 'हा आकडाच नाही'. बिचारी प्रामाणिकपणे सांगते! आणि आपण काय करतो? 'नॅन आला तर स्क्रीन बदलू नको' अशी ओळ टाकतो, कारण प्रदर्शनात ते बरं दिसत नाही. मग तासाभरापूर्वीचे ३१.४ तसेच झळकत राहतात. त्यापेक्षा शेवटचं चांगलं रीडिंग कधी आलं ती वेळ साठवा. दहा सेकंद नवीन रीडिंग नाही आलं की आकडा राखाडी करा, तीस सेकंद झाले की पुसून टाका आणि दोन आडव्या रेघा दाखवा.

थ्री माइल आयलंडचा दिवा

तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ पासून वीज द्यायला सुरुवात केली, ते तुम्हाला माहीत आहेच. आता दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या अणुवीज केंद्राची गोष्ट ऐका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड नावाचं केंद्र होतं. २८ मार्च १९७९ ची पहाट. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि पुन्हा बंद व्हायला हवा होता, तो अडकून उघडाच राहिला. त्यातून अणुभट्टीचं पाणी निघून जात होतं. पण कंट्रोल रूमच्या पॅनलवरचा दिवा सांगत होता की व्हॉल्व्ह बंद आहे.

दिवा बिघडलेला नव्हता. तो जोडलाच असा होता, की 'बंद हो' हा सिग्नल गेला का, एवढंच दाखवायचा. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, हे त्याला माहीत नव्हतं. ऑपरेटरनी दिव्यावर विश्वास ठेवला, बाकीची लक्षणं उलटी वाचली आणि आत जाणारं थंड पाणी कमी केलं. अणुभट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला.

आता तुमची टचस्क्रीन बघा. 'पंखा सुरू' असं बटण आहे. बोट लावलं की हिरवं होतं. पण ते हिरवं कशामुळे झालं? पंखा फिरला म्हणून की तुम्ही बोट लावलं म्हणून? रिले चिकटली, पंख्याची वायर निघाली, तरी बटण हिरवंच होणार असेल तर तुम्ही तोच दिवा बनवलाय. दोन वेगळ्या खुणा करा. 'आदेश दिला' एक, 'पंखा फिरतोय' दुसरी. दुसरीसाठी वेगळा सेन्सर लागेल. तीन वायरी असलेला कॉम्प्युटरचा छोटा पंखा वापरलात तर त्याची तिसरी वायर फिरण्याचे ठोके देतेच.

बोट, हातमोजे आणि मराठी

ही स्वस्त स्क्रीन मोबाइलसारखी नाही. मोबाइलला त्वचेचा स्पर्श कळतो. या स्क्रीनवर दोन पातळ थर आहेत. दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले ते मोजलं जातं. तुम्हाला ती जुनाट वाटेल. पण हातात रबरी मोजे घातलेल्या कामगाराला हीच चालते, म्हणून कारखान्यांतल्या बऱ्याच पॅनलवर आजही हाच प्रकार असतो. एकदा चारही कोपऱ्यांना टोचून कॅलिब्रेशन करून घ्या आणि बटणं बोटापेक्षा मोठी ठेवा.

बटण दाबल्यावर दोन सेकंद काहीच होत नसेल, तर कोडमध्ये 'डीले' शोधा. सेन्सर वाचायला थांबलेला बोर्ड बोटाकडे बघत नाही. 'मिलिस' वापरून घड्याळ बघत काम करा: टच सतत तपासायचा, सेन्सर दर दोन सेकंदांनी. आणि स्क्रीन दरवेळी पूर्ण पुसू नका, डोळ्यांपुढे लुकलुकते. बदललेला आकडाच पुन्हा लिहा.

आणि स्क्रीनवर मराठी लिहा ना! सूचना संकटात वाचायची असते. अशा छोट्या बोर्डांच्या लायब्ररींना आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवता येत नाहीत, हे खरं. पण तुम्हाला शब्द लागतात दहा-बारा. ते कॉम्प्युटरवर लिहून चित्र म्हणून साठवा आणि ते चित्र दाखवा. 'सेन्सर तपासा' हे ऑपरेटरला क्षणात कळेल.

शेवटी एक स्पष्ट सांगायला हवं. हे यंत्र शिकण्यासाठी आहे. गॅसचा वास आला तर स्क्रीनकडे बघत बसायचं नाही, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचं. आणि याच्या जिवावर कुणाला टाकीत किंवा बंद खोलीत उतरवायचं तर नाहीच नाही.

पण उद्या तुमच्यातलेच काहीजण बोईसरच्या एखाद्या प्लांटमध्ये पॅनलसमोर रात्रपाळीला बसणार आहेत. काहीजण ते पॅनल प्रोग्राम करणार आहेत. तिथली स्क्रीन मोठी असेल, पैसे जास्त लागलेले असतील, सेन्सर चांगले असतील. प्रश्न हाच राहील, की हा हिरवा रंग कशावरून आलाय. हा प्रश्न विचारायची सवय आत्ता, कॉलेजच्या टेबलावर लागली तर बरं. एक्स्टर्नल आले की त्यांच्यासमोर स्वतःच सेन्सरची वायर उपटून दाखवा. स्क्रीन लाल होऊन 'सेन्सर तपासा' म्हणाली की समजा, प्रोजेक्ट झाला.

सबमिशनच्या आदल्या रात्री एवढं करा

- प्रत्येक सेन्सरची प्रत्येक वायर एकेक करून काढा. स्क्रीनने तीस सेकंदांत तक्रार केली पाहिजे.
- वीज घालवा आणि पुन्हा आणा. सेन्सर तापेपर्यंत स्क्रीनवर 'तयार होत आहे' दिसायला हवं, 'उत्तम' नव्हे.
- मल्टिमीटरने बोर्डाच्या ॲनालॉग पिनवरचं व्होल्टेज मोजा. ३.३ च्या वर कधीच जाता कामा नये.
- पंख्याची वायर काढून 'सुरू' दाबा. बटण काय म्हणतं ते बघा.
- ज्याने प्रोजेक्ट पाहिलेला नाही अशा मित्राला स्क्रीन दाखवा आणि विचारा, 'काय कळलं?' त्याचं उत्तर चुकलं तर स्क्रीन बदला, मित्र नाही!